धाकटीचं गाठोडं

मंगळागौरीच्या खेळांत गाठोडं नावाचा एक प्रकार असतो. जमिनीवर बसायचं, दोन्ही पायांचे अंगठे हातांत धरायचे, एका अंगावर कलंडायचं आणि पाठीवरून गरगरत येऊन, अंगठे न सोडता, पुन्हा उठून बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. चाळिशीतल्या बायका कलंडेपर्यंत फार छान करतात. पुढचं सगळं देवावर आणि शेजारणीवर.

माझी धाकटी हे गाठोडं असं करायची की बघणारीच्या हातातला चिवडा हातातच राहावा. कुशीवरून वळण्याच्या भानगडीत ती पडतच नसे. सरळ मागे जायची, पाय डोक्यावरून पलीकडे, क्षणभर सगळा भार मानेवर, आणि टुणकन पलीकडे बसलेली. अंगठे हातातच. वर पुन्हा सगळ्यांकडे बघून विचारायची, "पाहिलं?"

तिला डाऊन सिंड्रोम आहे. हे खरं तर आधी सांगायचं असतं. पण ते आधी सांगितलं की लोकांना पुढचं काही ऐकू येत नाही, असा माझा अनुभव आहे, म्हणून गाठोडं आधी सांगितलं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. सिडकोतल्या आमच्या कॉलनीत बायकांचा खेळांचा एक संच होता आणि त्याची पुढारी मी. मला कुणी नेमलं नव्हतं. माझा आवाज मोठा होता, एवढंच. नऊवारीचा काष्टा आवळून, कमरेवर हात ठेवून मी अशी उभी राहायची की जणू पुढच्या ऑलिंपिकला झिम्मा ठेवलाय आणि देशाची सगळी मदार माझ्यावर आहे. त्या बाईचा एक फोटो घरात आहे. नातवंडं तो बघून हसतात. मीही हसते, पण त्यांच्यानंतर.

धाकटी या खेळांत आली ती वजनामुळे. वयात येताना ती भराभर जाड व्हायला लागली. डॉक्टरांनी तिचं हृदय तपासलं, थायरॉईड बघितलं आणि मला सांगितलं, "या मुलांचे स्नायू मुळातच सैल असतात, लवकर दमतात. म्हणून तर यांना बसवून ठेवायचं नाही. रोज हलवा."

मी हलवायला निघाले. पहाटे तिला गोल्फ क्लबच्या मैदानावर न्यायची. अर्धी फेरी झाली की ती वाटेतच मांडी घालून बसायची. मागून येणारे पेन्शनर वळसा घालून जायचे. एक गृहस्थ थांबून म्हणाले, "ताई, दमली असेल हो ती."

धाकटी म्हणाली, "दमले नाही. कंटाळले."

झिम्म्याला मात्र ती कंटाळली नाही. आमच्या घरी तालीम चालायची, ती दारात उभी राहून बघायची, आणि एक दिवस स्वतःच मध्ये घुसली. टाळीला टाळी, गिरकी, उड्या. महिनोन् महिने रोज संध्याकाळी. पूर्वी जिना चढताना प्रत्येक वळणावर धापा टाकत थांबणारी ही पोरगी दुधाच्या पिशव्या घेऊन थेट वरपर्यंत यायला लागली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, हात धीट झालाय, बटणं स्वतः लावते. आणि तिला कळलं की एक गोष्ट अशी आहे जी आईला येत नाही, ताईला येत नाही, संचातल्या एकीलाही येत नाही. तिलाच येते. गाठोडं तिचं झालं. दुसरी कुणी खाली बसायला लागली की ती सांगायची, "उठा. माझं आहे."

त्या वर्षी थोरलीचं लग्न झालं. लग्नात फोटोच्या वेळी थोरलीच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, म्हणाल्या, "तिला बाजूला खुर्चीवर बसवा ना. दमेल ती."

मी हसून "हो हो" म्हटलं आणि मनात गाठ मारली. श्रावणात थोरलीची पहिली मंगळागौर तिच्या सासरी होणार होती. खेळायला आमचा संच जाणार होता. ठरलं तर मग! धाकटी मधोमध येईल, गाठोडं करेल आणि विहीणबाईंच्या हातातला चहा गार होईल. एवढी मोठी लढाई मी एकटीच लढत होते. समोरच्या पक्षाला तिचा पत्ताही नव्हता.

मंगळागौरीच्या आधीच्या आठवड्यात मी धाकटीला शाळेतून आणायला गेले. खेळ शिकवायला एक नव्या बाई आल्या होत्या, तरुण, केस कापलेल्या. मी लगेच दुकान मांडलं. "आमची किती लवचिक आहे माहितीये का? रबराची आहे नुसती. करून दाखव गं."

धाकटीने करून दाखवलं.

मी टाळ्या वाजवत होते. त्या बाई वाजवत नव्हत्या. त्या पटकन खाली बसल्या, धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "हे तिला परत करू देऊ नका."

"का?"

"तिच्या मानेचा एक्स-रे काढलाय कधी?"

मला वाटलं, बाई नवीन आहे, घाबरली. मग त्यांनी सांगितलं. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांमध्ये मानेतल्या अगदी वरच्या दोन मणक्यांना धरून ठेवणारे बंध सैल असतात. सगळ्यांच्यात नाही, थोड्यांच्यात. पण ज्यांच्यात असतात त्यांची मान जोरात दुमडली, तिच्यावर भार आला, तर मणका सरकून आतल्या मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. मग हातपायही जाऊ शकतात. "म्हणून खेळात घेण्याआधी आम्ही एक्स-रे मागतो," त्या म्हणाल्या. "तोवर कोलांटी नाही, डोक्यावर उभं राहणं नाही, फुगडी नाही. चालू द्या, टाळ्यांचा झिम्मा खेळू द्या. व्यायाम बंद करू नका हं. फक्त मान सांभाळा."

हल्ली म्हणे असे सरसकट एक्स-रे काढत नाहीत, लक्षणं बघतात. तेव्हा काढायचे. आणि लक्षणं त्यांनीही विचारलीच. चालण्यात काही फरक पडलाय का? अडखळते का? मान एका बाजूला धरते का? कपडे ओले होतात का? हाताला मुंग्या येतात असं म्हणते का?

"नाही, नाही, नाही," मी म्हणत गेले. घरी आल्यावर मात्र मी तिच्या मागे मागे चालायला लागले. उंबऱ्यात तिचा पाय अडखळला. आधीही अडखळायचा का? आठवेना. इतकी वर्षं मी तिची आई होते आणि ती उंबरा कसा ओलांडते ते मला सांगता येत नव्हतं. ती टीव्ही बघताना मान कलती करून बसली होती. मी उठून टीव्ही बंद केला. तिने पुन्हा लावला. मान पुन्हा कलती. शेवटी कळलं की समोर तिच्या बाबांचा गुडघा येत होता.

सोमवारी एक्स-रे काढला. मान सरळ, मान पुढे, मान मागे. मान पुढे वाकवताना तो टेक्निशियन म्हणाला, "अजून थोडी, बेटा," आणि बाहेर उभ्या असलेल्या माझी हनुवटी आपोआप छातीला टेकली. फोटो बघणारे हाडांचे डॉक्टर मंगळवारी दुपारी बसणार होते. मंगळागौरही मंगळवारीच दुपारी. रात्री जागवण्याऐवजी दुपारीच खेळ उरकायची पद्धत तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. यांनी कारखान्यातून अर्धी रजा टाकली. फोटो घेऊन हे डॉक्टरांकडे जाणार आणि तिथून विहीणबाईंच्या घरी फोन करणार, असं ठरलं.

मी धाकटीला सांगितलं, "आज आधी नुसता झिम्मा. गाठोडं बाबांचा फोन आल्यावर."

"फोन आला की करायचं?"

"फोन आला की बघू."

तिला 'बघू' हा शब्द ओळखीचा होता. वेणीला गजरा तिने दोनदा बांधून घेतला, उलटं होताना पडू नये म्हणून.

तिला घरीच ठेवता आलं असतं. यांनी तसं सुचवलंही होतं. पण ताईची मंगळागौर, आणि ही घरी? ते मला तिला सांगता येईना. शिवाय, खरं सांगायचं तर, चहा गार करायची हौस अजून पुरती गेली नव्हती.

विहीणबाईंचं घर गंगापूर रोडला, बंगला. हॉलमधली सतरंजी गुंडाळून फरशी मोकळी केली होती. फोन बाहेरच्या पॅसेजमध्ये, त्यावर लोकरीचं विणलेलं झाकण. मी आत गेल्या गेल्या ते झाकण काढून ठेवलं. विहीणबाईंनी ते पुन्हा घातलं. मी पुन्हा काढलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"फोन यायचाय," मी म्हटलं.

"झाकणातूनही वाजतो हो तो," त्या म्हणाल्या.

पूजा झाली, खेळ सुरू झाले. गाठोडं नेहमी शेवटाकडे यायचं, आणि खेळांचा क्रम माझ्या हातात होता. त्या दिवशी मी तो क्रम असा ताणला की काय सांगू! झिम्मा झाला. फुगड्या झाल्या, धाकटीला मी टाळ्या वाजवायला बसवलं. लाटणी आणली, सुपं आणली. पुन्हा झिम्मा. नव्वद बायकांचा आवाज होता म्हटलं तरी चालेल, आणि त्यात मी एक कान पॅसेजकडे लावून. पिंग्याला धाकटी उठायला लागली, तशी मी पदर धरून तिला खाली बसवलं. सासू-सुनेच्या भांडणाचा खेळ लावला. त्यात सासू मी झाले आणि भांडण इतकं लांबवलं की संचातली एक मला कानात म्हणाली, "वहिनी, पुरे. विहीणबाईंना लागेल."

फोन वाजला नाही.

"आता परत झिम्मा!" मी ओरडले.

"अहो, किती झिम्मा!" संचातल्या बायका घामाघूम. "तळहात सोलले की आमचे."

विहीणबाईंची एक नणंद निफाडहून आली होती. द्राक्षबागेतली, उन्हात रापलेली, खणखणीत आवाजाची. ती म्हणाली, "ती धाकली काय तरी लय भारी करती म्हणं? थोरली सांगत व्हती. बघू तरी!"

मी वळेपर्यंत धाकटी फरशीच्या मधोमध जाऊन बसली होती. अंगठे हातात.

"थांब!" मी म्हटलं.

ती थांबली, पण अंगठे सोडले नाहीत. मी धावत गेले आणि तिच्या पाठीमागे बसले, जेणेकरून ती मागे गेली तर माझ्या मांडीवर येईल. तिने मला पाठीने ढकललं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. जोर मी लावला तर तीही लावणार, आणि तो सगळा जोर जायचा मानेत. मला तिला धरता येत नव्हतं आणि सोडताही येत नव्हतं. हात हवेत धरून मी बसले होते, तिच्या दोन्ही कानांपासून जरा लांब, उकळत्या पातेल्याला धरावं तसे.

"सरक," ती म्हणाली. "माझं आहे."

"तुझंच आहे. फोन येऊ दे."

"फोन येत नाही. तू खोटं बोलते."

थोरली दागिन्यांसकट पुढे आली. "आई, काय झालंय? करू दे ना तिला."

थोरलीला मी काही सांगितलं नव्हतं. नवं सासर, नव्या नवरीच्या डोक्याला ताप कशाला, म्हणून. आता सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मला काही सुंदर वाक्य सुचलं नाही. मी धाकटीच्या पाठीमागून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "तुझ्या मानेतली हाडं कदाचित सैल आहेत. तू उलटी झालीस आणि ती सरकली, तर तुला चालता येणार नाही. डॉक्टर बाबांना सांगणार आहेत, सैल आहेत का नाही ते. मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही."

ती म्हणाली, "करायचं नाही म्हणाले तर?"

विहीणबाई उठल्या. मला वाटलं, आता खुर्ची आणणार. त्या पॅसेजमध्ये गेल्या, फोनची लांबलचक वायर मोकळी करत करत फोन हॉलमध्ये घेऊन आल्या आणि धाकटीच्या पुढ्यात, फरशीवर ठेवला. झाकण न घालता.

"फराळ थांबणार नाही हं," त्या बायकांना म्हणाल्या. "भाजणीचे वडे गार होतील. बसा सगळ्या." आणि मला, जाता जाता, "एवढं मनात घेऊन सासू-सुनेचं भांडण करत होतात? धन्य आहे."

सगळ्यांच्या ताटल्या भिंतीकडेने लागल्या. मधोमध धाकटी अंगठे धरून, पुढ्यात फोन, मागे मी. तिने वडा खाल्ला नाही, कारण त्यासाठी अंगठा सोडावा लागला असता. माझ्या मांडीला मुंग्या आल्या, तसा मुंग्यांचा अर्थ आठवला आणि मी तिला विचारलं, "तुझ्या हाताला मुंग्या येतायत का गं?"

"नाही. गप्प बस."

फोन वाजला तेव्हा सगळ्या ताटल्या एकदम थांबल्या. मी हात पुढे केला. धाकटीने अंगठे सोडले आणि रिसीव्हर माझ्याआधी उचलला.

"बाबा. मी बोलते."

मग ती नुसती ऐकत होती. "हं." बराच वेळ गेला. "हं. कधीच?" मग पुन्हा, "हं." मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, तिचा चेहरा सगळं सांगणारा असतो, त्या दिवशी त्याने काही सांगितलं नाही. शेवटी ती म्हणाली, "नको. मी," आणि रिसीव्हर ठेवून दिला.

"काय म्हणाले?"

"माझा फोन होता."

ती उठून उभी राहिली. फरशीवर ती आणि मी, आणि ती पुन्हा खाली बसली तर काय करायचं ते मला कळत नव्हतं. ती बसली नाही. तिने जागेकडे बोट दाखवलं.

"तू कर."

"मी?"

"गाठोडं. तू कर. मला येणार नाही आता. तू कर."

एवढंच तिचं सांगणं. मी काष्टा आवळला, फरशीवर बसले, पायांचे अंगठे धरले. वय चाळिशीच्या पुढचं, वजन विचारू नका. कलंडले ती अशी, की पाठीवर जाऊन तिथेच राहिले, पाय वर, उलटलेल्या झुरळासारखी. निफाडच्या नणंदेला हसू आवरेना; सगळा हॉल हसायला लागला. मीही हसत होते, रडतही होते, उताणं असलं की दोन्हींचं पाणी कानातच जातं. धाकटी हसत नव्हती. ती माझ्या डोक्याशी वाकून, अगदी शाळेतल्या बाईंच्या आवाजात सांगत होती, "अंगठे सोडू नको. कुशीवर वळ. मान आत घे, आई. मान सांभाळ."

रात्री जेवताना यांनी मला नीट सांगितलं. दोन मणक्यांमधली जागा हवी त्यापेक्षा जास्त होती. मज्जारज्जूवर दाब नव्हता, शस्त्रक्रिया लागणार नव्हती, दर काही वर्षांनी बघत राहायचं. पण कोलांटी, उलटं होणं, डोकं पुढे करून उडी कधीच नाही. बाकी सगळं करायचं, भरपूर करायचं. "मी तिला म्हटलं, आईला दे, मी सांगतो," हे म्हणाले. "तर म्हणाली, नको. मी."

त्यानंतर ती तालमीला येईना. झिम्म्याला हाक मारली की आतून कडी लावायची. मानेपेक्षा मला या कडीची धास्ती जास्त वाटायला लागली, कारण महिनोन् महिने मिळवलेलं सगळं त्या खोलीत बसून जाणार होतं. जिन्यावर ती पुन्हा धापा टाकायला लागली. मी समजावलं, चिडले, खाऊचं आमिष दाखवलं, जे वजनासाठी केवढं उपयोगी होतं ते तुम्हीच ओळखा. शेवटी त्या केस कापलेल्या बाईच घरी आल्या. त्यांनी बंद दाराबाहेरून विचारलं, "पोहायला येणार का? उडी मारायची नाही. पाण्यात माझ्यापेक्षा तू जास्त तरंगशील, पैज लाव." बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "आई नको."

आई नको हे कबूल करून मी तलावाच्या कठड्याबाहेरच्या बाकावर बसायला लागले. तिथे मी पुढची कितीतरी वर्षं बसले. ती पैज जिंकली. दोन हजार साल उलटलं तेव्हा ती रोज पोहणाऱ्या बायकांमधली एक झाली होती, आणि एक्स-रेतली जागा होती तेवढीच होती.

एका उन्हाळ्यात तलावावर नवा प्रशिक्षक आला. त्याने सगळ्यांना खोल बाजूला ओळीने उभं केलं आणि शिट्टी वाजवली की सूर मारायचा, असं सांगितलं. धाकटी ओळीत होती. मी बाकावरून उठले. कठड्याचं दार बंद होतं. मी हाका मारल्या, पण पाण्याच्या आणि पोरांच्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार? शिट्टी वाजली, एकेक सूर पडायला लागला. तिच्या पुढची गेली. तिच्या मागची तिला म्हणाली, "चल ना!" आणि मागून हात लावला.

धाकटीने तिचा हात बाजूला केला, प्रशिक्षकाकडे वळून स्वतःच्या मानेवर बोट ठेवलं आणि माझ्यापर्यंत ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "सैल आहे. उडी नाही. शिडी."

आणि शिडीने, एकेक पायरी, सगळी ओळ थांबवून ती पाण्यात उतरली.